सवय म्हणजे संमती नव्हे

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज ८' ही संचालनप्रणाली बाजारात आणली आणि सतरा वर्षे पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेले 'स्टार्ट' नावाचे बटण तेथून नाहीसे झाले. संगणक सुरू केला की आता समोर येई तो रंगीत चौकटींनी भरलेला एक अनोळखी पडदा. कळफलक तोच, माउस तोच, आत साठवलेली कागदपत्रेही तीच. आणि तरीही वर्षानुवर्षे संगणक वापरणाऱ्या माणसांना तो बंद कसा करावा हे उमगेना. त्यातून जो असंतोष उसळला तो संगणकाच्या इतिहासात चांगलाच गाजला.

ह्या असंतोषाचा उलगडा करण्यासाठी दोन वाक्ये तेव्हा वारंवार ऐकू आली. पहिले, माणसाला बदल नकोच असतो. दुसरे, थोडे दिवस जाऊ द्या, सवय होईल. पहिले वाक्य तक्रार करणाऱ्याच्या स्वभावाकडे बोट दाखवते. त्यामुळे तक्रारीच्या आशयाकडे पाहण्याची गरजच उरत नाही. दुसरे अधिक सोयीचे आहे, कारण ते बहुधा खरे ठरते. सवय होतेच. माझे म्हणणे एवढेच आहे की सवय होणे आणि संमती असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि संगणकाच्या दर्शनी रूपातील बदलांविषयीची बहुतेक चर्चा ह्या दोहोंची गल्लत करून चालते.

साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या भानगडीत का पडावे, अशी शंका कोणी घेईल. संगणकाचे दर्शनी रूप, ज्याला इंटरफेस म्हणतात, ही मुळात वाचण्याची गोष्ट आहे, हे त्याचे उत्तर. त्यात चिन्हे आहेत, त्यांचे संकेत आहेत, आणि ते संकेत जाणणारा एक वाचकसमूह आहे. हा मजकूर आपण कादंबरीच्या पानापेक्षाही अधिक वेळा वाचतो. फक्त वाचत असल्याचे भान आपल्याला नसते. असा मजकूर रातोरात बदलला तर वाचकाचे काय होते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा नाही.

(१)

प्रथम त्या बटणाची जन्मकथा पाहिली पाहिजे. 'विंडोज ९५' २४ ऑगस्ट १९९५ रोजी आले. त्याआधीच्या विंडोज ३.१ मध्ये 'प्रोग्राम मॅनेजर' नावाची एक चौकट असे. तिच्या आत आणखी चौकटी, त्यांच्या आत चित्रे. जाणकारांना ही व्यवस्था पुरेशी वाटे. परंतु नवशिक्या लोकांना समोर बसवून मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी चाचण्या घेतल्या, तेव्हा वेगळेच दिसले. एका खिडकीआड दुसरी खिडकी गेली की लोकांना ती हरवलीच असे वाटे. लागोपाठ दोन टिचक्या मारणे अनेकांना साधत नसे. आणि मुख्य म्हणजे सुरुवात कोठून करायची हेच कळत नसे. ह्या चाचण्यांची हकीकत त्या प्रकल्पातील केंट सलिव्हन ह्यांनी १९९६ मध्ये एका निबंधात मांडली आहे. नवशिक्यांसाठी एक निराळे, सोपे दर्शनी रूप करावे असाही विचार तेव्हा झाला होता. तो सोडून देण्यात आला, कारण तेथे शिकलेले पुढे मोठ्या घरात गेल्यावर पुन्हा विसरावे लागले असते.

ह्या गोंधळातून ते बटण निघाले. सुरुवात कोठून करायची, असे लोक विचारत होते. म्हणून त्या जागी 'सुरुवात' असाच शब्द लिहिला गेला. एवढ्यावर भागेना म्हणून पहिल्या वेळी खालच्या पट्टीवर 'येथे टिचकी मारून आरंभ करा' अशा अर्थाचा मजकूर बाणासह सरकत बटणाकडे येई. ज्यांना जुनेच हवे त्यांच्यासाठी 'प्रोग्राम मॅनेजर'ही नव्या प्रणालीत ठेवलेला होता. म्हणजे हा बदलही मोठाच होता, कदाचित २०१२ च्या बदलाहून मोठा. फरक इतकाच की तो वाचकाच्या अडचणीतून जन्मला होता आणि जुन्या वाचकासाठी मागचे दार त्याने उघडे ठेवले होते.

कोपऱ्याचेही एक महत्त्व आहे. पॉल फिट्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला एक नियम असा की एखाद्या लक्ष्यावर हात नेण्यास लागणारा वेळ त्याच्या अंतरावर व आकारावर अवलंबून असतो. माउसचा बाण पडद्याच्या कडेपलीकडे जात नाही. म्हणून कोपऱ्यातल्या वस्तूवर नेम धरावाच लागत नाही. हात बेफिकिरीने खाली-डावीकडे ढकलला की पुरे. पुढच्या आवृत्त्यांत ते बटण अगदी कोपऱ्याला भिडले आणि हे सुख पूर्ण झाले. सतरा वर्षे कोट्यवधी हातांनी ही एकच हालचाल केली. ती बुद्धीतून उतरून मनगटात गेली.

(२)

मग ते बटण काढले का? कारणे अगदीच फुसकी नव्हती. २०१० मध्ये आयपॅड आला होता. बोटाने चालवायच्या पडद्यांचे युग येणार हे दिसत होते. एकच प्रणाली टेबलावरच्या संगणकावर आणि हातातल्या पाटीवरही चालावी, ही महत्त्वाकांक्षा होती. शिवाय वापराच्या आपोआप गोळा होणाऱ्या नोंदी कंपनीच्या हाती होत्या. विंडोज विभागाचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की ह्यांच्या पुढाकाराने चाललेल्या लेखमालेत ह्या नोंदींचा दाखला देऊन सांगण्यात आले की लोक स्टार्टची यादी पूर्वीपेक्षा कमी वेळा उघडतात. नेहमीची कामे ते खालच्या पट्टीवर टाचून ठेवतात.

आकडा खरा असेल. त्यावरून काढलेला अर्थ मात्र तपासावा लागतो. एखादी गोष्ट किती वेळा वापरली जाते ह्यावरून तिचे मोल ठरत नाही. ग्रंथाच्या शेवटी असलेली सूची आपण रोज उघडत नाही. ती फाडून टाकलेली प्रत मात्र कोणी अभ्यासक विकत घेणार नाही. घराच्या मागच्या दाराने दिवसाकाठी फार वर्दळ नसते, म्हणून कोणी ते बुजवत नाही. नेहमीची वाट सापडेनाशी झाली की जेथे परतता येते अशी ती जागा असते. स्टार्ट बटण ही तशी जागा होती. ते दिसत असणे हाच त्याचा उपयोग होता, आणि दिसत असण्याची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही.

गंमत अशी की विंडोज ८ मध्ये तो कोपरा निकामी झालेला नव्हता. बाण तेथे नेला की नव्या पडद्याचे छोटे चित्र उमटे, टिचकी मारली की तो पडदा उघडे. उजव्या कडेच्या कोपऱ्यांतही अशीच एक पट्टी दडलेली होती. संगणक बंद करण्याची सोय तिच्या पोटात, 'सेटिंग्ज'च्या आत होती. जागा होती, खूण पुसलेली होती. विरामचिन्हे काढून टाकलेल्या गद्यासारखी ही स्थिती. अर्थ आत असतो, पण तो आधीच ठाऊक असलेल्यालाच सापडतो. जेकब नील्सन ह्यांच्यासारख्या उपयोगसुलभतेच्या अभ्यासकाने नोव्हेंबर २०१२ मध्येच ह्या दडवादडवीवर कडक टीका केली, आणि ती नवशिके व सराईत अशा दोघांच्याही वतीने केली. सराईतांच्या कुरकुरीला हट्ट म्हणता येते; नवशिक्याला ज्याचा हट्ट धरावा असे जुने काही नसतेच.

लोकांनी काय केले हेही पाहण्यासारखे आहे. 'क्लासिक शेल', 'स्टार्ट८' अशी बाहेरच्या मंडळींनी केलेली अवजारे उतरवून घेऊन त्यांनी आपला जुना कोपरा पुन्हा बांधला. ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ आले, त्यात बटण परतले. पण त्यावर टिचकी मारली की उघडे तो चौकटींचा पडदाच. सोस्यूरच्या भाषेत बोलायचे तर चिन्हक परत आला, चिन्हित आले नाही. वाचकांना शब्द हवा आहे असे समजून शब्द देण्यात आला. त्यांना अर्थ हवा होता. तो जुलै २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर, यादीच्या रूपाने, बऱ्याच अंशी परतला.

(३)

इथवरची कहाणी वाचून वापरकर्ता नेहमी बरोबर आणि कंपनी नेहमी चूक, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. विरुद्ध बाजूचा पुरावाही भक्कम आहे.

२००१ मध्ये 'विंडोज एक्सपी' आले तेव्हा त्याचे निळे-हिरवे, गुबगुबीत रूप अनेकांना पोरकट वाटले होते. ते बंद करून जुना करडा साज चढवणारे कमी नव्हते. पुढे २००७ मध्ये 'व्हिस्टा' आले आणि लोक एक्सपीला चिकटून बसले. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये त्याचा सांभाळ थांबवला तेव्हाही ते असंख्य कचेऱ्यांत चालू होते. आज त्याच हिरव्या टेकडीच्या चित्राकडे लोक गतकाळाच्या ओढीने पाहतात. ज्याला खेळणे म्हटले तेच हरवलेले घर झाले.

रॉबर्ट झायन्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ पुनःपुन्हा समोर येत राहिल्यानेही आवडू लागते. मॅकिंटॉशच्या जन्मात ज्यांचा मोठा वाटा होता त्या जेफ रास्किन ह्यांनी १९९४ मध्ये लिहिले ते ह्याला पूरक आहे. एखादे दर्शनी रूप सहज वाटते, असे आपण म्हणतो तेव्हा ते परिचित आहे इतकेच बहुधा म्हणायचे असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. तेव्हा 'पूर्वीचे नैसर्गिक होते' ही तक्रार तितकीशी टिकत नाही. माउसने खिडक्या सरकवणे ह्यात नैसर्गिक ते काय?

हे सारे मान्य केले तरी त्यातून निघते काय? काळ गेला की चांगल्या बदलाची सवय होते आणि वाईट बदलाचीही होते. एक्सपीची झाली, तशी चुकीच्या जागी बसवलेल्या दिव्याच्या बटणाचीही होते. अंधारात हात आपोआप तिकडे जातो. म्हणजेच सवय झाली ह्यावरून तो बदल योग्य होता हे सिद्ध होत नाही, आणि आरंभी विरोध झाला ह्यावरून तो अयोग्य होता हेही सिद्ध होत नाही. 'सवय होईल' हे वाक्य खरे आहे, पण ते कशाचाही पुरावा नाही.

मराठीच्या अभ्यासकांना ह्याचे घरचे उदाहरण ठाऊक आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम मान्य केले. १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. ह्या नियमांनी उच्चारात न उरलेले अनुस्वार लेखनातून काढून टाकले. 'केलें', 'घरें', 'नाहीं' ह्यांची टोपी गेली. बालबोध लिपीचे दर्शनी रूप बदलण्याचाच हा प्रकार होता. त्याने लेखन सोपे झाले ह्यात शंका नाही. पण 'तें पुस्तक' आणि 'ते लोक' ह्यांतला, डोळ्यांना एका टिंबाने कळणारा भेद त्याबरोबर गेला. आता तो आपण संदर्भाने भरून काढतो आणि काही हरवले आहे असे आपल्याला जाणवतही नाही. न जाणवणे म्हणजे न हरवणे नव्हे. उलट सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी, म्हणजे 'अि', 'अी', 'अु' हे लेखन, तर्काला धरून असूनही सर्वत्र रुजली नाही. तर्कशुद्धता रूढीला पुरून उरतेच असे नाही.

तरीही लिपीसुधारणेत आणि संगणकाच्या नव्या अवतारात एक मूलभूत फरक आहे, आणि माझा सारा आक्षेप त्या फरकावर उभा आहे. लेखनाचे नियम जाहीर वादविवादातून गेले. ज्यांना ते पटले नाहीत ते आपल्या खाजगी पत्रांतून मरेपर्यंत 'केलें' असेच लिहीत राहिले. त्यांच्या बोरूला कोणी हात लावला नाही. कपाटातली जुनी पुस्तके जुन्याच लेखनात राहिली. नियम मान्य झाले त्या रात्री कोणी घरात शिरून प्रत्येक पुस्तकातले अनुस्वार खोडून गेले नव्हते.

संगणकाच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडू शकते. २०१६ च्या मे महिन्यात विंडोज १० कडे नेणारी एक सूचना लोकांच्या पडद्यावर झळकत होती. तुमचे रूपांतर अमुक वेळी ठरले आहे, असे ती सांगे. नको असलेली खिडकी बंद करण्यासाठी उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारायची, हे लोकांना स्वतः विंडोजनेच शिकवलेले. ह्या खिडकीत मात्र फुली मारल्याने ठरलेली वेळ रद्द होत नसे. ते नाकारण्यासाठी आतल्या मजकुरातला दुवा शोधावा लागे. अर्थात सकाळी उठून पाहावे तर संगणक बदललेला. नकाराचे प्रस्थापित चिन्ह होकार म्हणून वाचले गेले. ह्यात आपण फार पुढे गेलो, अशी कबुली कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच वर्षाच्या अखेरीस दिली. दर्शनी रूपाच्या इतिहासात सवय आणि संमती ह्यांची इतकी उघड अदलाबदल क्वचितच झाली असेल. हाताच्या सवयीचाच उपयोग संमती मिळवण्यासाठी झाला.

(४)

नावीन्याच्या बाजूने एक साहित्यिक युक्तिवादही होऊ शकतो आणि त्याचा विचार ह्या पानांवर तरी झाला पाहिजे. श्क्लॉव्हस्कीने १९१७ मध्ये मांडले की सवयीमुळे आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात; कलेचे काम त्यांना पुन्हा अपरिचित करून दाखवणे हे आहे. मग संगणकाचे रूप अपरिचित झाले तर बिघडले कोठे? डोळे उघडले, इतकेच.

ह्या युक्तिवादात वस्तूचे कार्य विसरले जाते. कवितेतला शब्द आपल्याला थांबवतो, कारण थांबण्यासाठीच आपण कवितेकडे गेलेले असतो. पत्र लिहायला बसलेल्या माणसाला लेखणीने थांबवावे अशी त्याची इच्छा नसते. हायडेगरचा हातोडा इथे आठवावा. नीट चालणारा हातोडा कामात विरघळून जातो. तो मोडला की मगच 'हातोडा' म्हणून समोर उभा राहतो. दर्शनी रूप बदलले की न मोडलेला हातोडाही मोडल्यासारखा दिसू लागतो. अपरिचितीकरण हा कलेतील करार आहे आणि वाचक त्यावर पुस्तक उघडून सही करतो. कचेरीत बिल टंकणाऱ्या कारकुनाने असा कोणताही करार केलेला नसतो.

आणि ह्या कारकुनाचा विचार केला की प्रश्न अभिरुचीपुरता राहत नाही. बदलाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याला इंग्रजी सहज वाचता येते, ज्याला यंत्राची भीती नाही, तो नव्या पडद्यावर दहा मिनिटे धडपडतो आणि वाट काढतो. महाराष्ट्रात २००१ पासून 'एमएस-सीआयटी' ह्या अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांची संगणकाशी पहिली ओळख करून दिली. शासकीय नोकरीसाठी ही परीक्षा आवश्यक ठरल्याने चाळिशी-पन्नाशी उलटलेले कर्मचारीही माउस धरायला शिकले. ज्याला इंग्रजी अक्षर लावून लावून वाचावे लागते, त्याच्या दृष्टीने 'स्टार्ट' हा शब्द नसतो. ती एक जागा असते. डाव्या कोपऱ्यात टिचकी, मग वरून तिसरी ओळ, मग उजवीकडची दुसरी, असा तो पाठ असतो. गीतेचे अध्याय अर्थ न कळताही मुखोद्गत असावेत, तसा. अर्थावर उभे असलेले ज्ञान जागा बदलली तरी टिकते. जागेवर उभे असलेले ज्ञान जागा हलली की कोसळते.

विंडोजचा मराठी साज एक्सपीच्या काळापासून उपलब्ध होता. पण शिकवण्या, परीक्षा, कचेऱ्या सारे इंग्रजी पडद्यावर चाललेले. त्यामुळे तो फारसा कोणी चढवला नाही. परभाषेतला मजकूर चित्रासारखा वाचणारा असा मोठा वाचकवर्ग आपल्याकडे आहे. रेडमंडमध्ये बसून एखादे बटण चार बोटे सरकवणाऱ्याच्या मनात हा वाचक असण्याची शक्यता कमीच. त्याची तक्रारही कोठे उमटत नाही. तो कोणत्याही चर्चेत लिहीत नाही. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाला हाक मारतो आणि स्वतःला अडाणी समजतो. मला ह्या सगळ्यात सर्वांत खुपते ते हे. रचनेतला दोष वापरणाऱ्याच्या अंगावर अज्ञान म्हणून चिकटतो.

ज्यांच्या तक्रारी हसण्यावारी नेल्या जातात ते कधीकधी अक्षरशः आजारी असतात, हेही दिसून आले आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये अॅपलने आयफोनचे रूप 'आयओएस ७' मध्ये आमूलाग्र बदलले. चामड्याचे, लाकडाचे, कागदाचे आभास गेले. पातळ अक्षरे, सरकते थर आणि झेपावत उघडणारी चित्रे आली. काहींनी मळमळते, घेरी येते असे सांगितले. त्यावर थट्टा झाली. पण कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा विकार असलेल्यांना अशा आभासी हालचालीचा खरोखर त्रास होतो. पुढच्याच महिन्यात ही हालचाल कमी करण्याच्या सोयीची व्याप्ती अॅपलने वाढवली. २०२५ मध्ये 'लिक्विड ग्लास' ह्या नावाने काचेसारखे पारदर्शक रूप आले तेव्हाही असेच झाले. अक्षरे मागच्या चित्रात मिसळून जातात, वाचता येत नाहीत, अशी ओरड झाली. नोव्हेंबरमधल्या सुधारित आवृत्तीत काच अधिक गडद करण्याचा पर्याय देण्यात आला. दोन्ही वेळा तक्रार सार्थ होती, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच होते: निवड वापरणाऱ्याच्या हाती देणे.

(५)

निवड देण्याचे मार्ग आहेत हे इतिहासच सांगतो. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सवरील 'ग्नोम' ह्या दर्शनी प्रणालीची तिसरी आवृत्ती आली. तीही अशीच मुळापासून बदललेली होती आणि खुद्द लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी तिच्यावर जाहीर तोंडसुख घेतले. पण तेथे मूळ संहिता सर्वांना खुली होती. त्यामुळे नाराज मंडळी तक्रार करून थांबली नाहीत. कोणी जुन्या आवृत्तीची प्रत करून ती 'माटे' ह्या नावाने जिवंत ठेवली. कोणी नव्या पायावर जुन्या वळणाचे 'सिनॅमन' उभारले. आपल्याकडील हस्तलिखितांच्या परंपरेत एका ग्रंथाचे अनेक पाठ निरनिराळ्या मठांत नांदत असत, तशीच ही व्यवस्था. कोणता पाठ श्रेष्ठ ह्यावर वाद घालता येतो. पण एका पाठासाठी दुसरा जाळला जात नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. मराठी टंकयंत्रावर ज्यांची बोटे घडली त्यांच्यापुढे संगणकयुगात 'इनस्क्रिप्ट' हा नवा, अधिक शास्त्रीय कळफलक आला. पुढे आतली संकेतप्रणालीही बदलून युनिकोड आले. पण सी-डॅकच्या 'आयएसएम'सारख्या साधनांनी इनस्क्रिप्टबरोबर टंकयंत्राची जुनी मांडणीही चालू ठेवली. पोटात सारे बदलले, बोटे तशीच राहिली. तरुणांनी नवी मांडणी शिकावी, जुन्या टंकलेखकाने आपल्या वेगाने आपले काम करावे. ज्ञान आणि सवय ह्यांचा असा आदर करणे अशक्य नसते. त्याला थोडा खर्च येतो, इतकेच.

हा खर्च कंपन्यांना खऱ्या अर्थाने जड आहे हेही मान्य केले पाहिजे. प्रत्येक जुनी वाट जपायची तर प्रत्येक वाटेवर पहारा ठेवावा लागतो. सुरक्षेच्या दृष्टीने ते सोपे नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने स्टार्ट बटण पट्टीच्या मध्यावर आणले, परंतु ते पुन्हा डावीकडे नेण्याची सोय पहिल्यापासून दिली. २०१२ चा धडा काही अंशी पचल्याची ही खूण. मात्र ती पट्टीच पडद्याच्या बाजूला उभी करण्याची जुनी सोय त्या आवृत्तीने येताना आणली नव्हती. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सांभाळ थांबला. ज्याला जुन्यातच राहायचे त्याने मर्यादित मुदतीची जादा सुरक्षा घ्यावी, नाहीतर धोका पत्करून राहावे, असा त्याचा अर्थ. नकाराला मुदत असेल तर होकाराला संमती म्हणता येईल का, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

माझी मागणी बदल थांबवण्याची नाही. विंडोज ९५ चे ते बटण हाही एकेकाळी बदलच होता आणि तो होणे इष्ट होते. जे बदलायचे ते वापरणाऱ्याच्या अडचणीतून बदलावे, जुनी वाट काही काळ उघडी ठेवावी, आणि 'नको' म्हणणाऱ्याला ते एका टिचकीत म्हणता यावे, एवढीच माफक अपेक्षा आहे. आपल्यापैकी जे शिकवतात त्यांनी आणखी एक करावे. नव्या पडद्यासमोर अडलेला सहकारी किंवा पालक हाक मारील तेव्हा 'होईल सवय' असे म्हणण्यापूर्वी नेमके काय सापडत नाही ते त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर लिहून काढावे. बहुतेक वेळा त्या उत्तरात एका मजकुराची नेमकी, अनुभवातून आलेली समीक्षा असते. ती लिहून ठेवण्याइतकी महत्त्वाची आहे, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नसते.